इंटरव्ह्यू बंगळूरला, वाटेत रेल्वेवेड्यांच्या भेटी: एकटीने जमवावं का?

लूपलाईन

नमस्कार मंडळी. पाल्हाळ लावायचं नाही असं ठरवून बसलेय, तरी थोडं लांबेलच.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी बंगळूरच्या आयआयएससीत माझा एम.टेक. रिसर्चचा इंटरव्ह्यू आहे. सिव्हिल, ट्रान्सपोर्टेशन. मी मिरजेची, बी.टेक. वालचंदमधून. कॉल आल्या आल्या आईने गल्लीत पेढे वाटून टाकले, त्यामुळे आता माघार नाही.

दुसरी बाजू अशी की मी रेल्वेवेडी आहे. घर स्टेशनाला लागून. बाहेर उभं असलेलं डिझेल इंजिन अल्को बनावटीचं आहे की ईएमडी, हे मी स्वयंपाकघरात बसून आवाजावरून सांगायचे. आता विजेच्या तारा आल्या, डिझेलची ती मजा कमी झाली. पण ज्या मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या लागायच्या, तिथल्या पोरीला दुसरं कुठलं वेड लागणार? आमचा टेलिग्रामवर एक ग्रुप आहे. हुबळी, बेळगाव, बंगळूर, दोनचार गोव्याचे. रोज बोलणं, भांडणं, फोटोंवर खेकसणं चालू असतं. प्रत्यक्षात मात्र मी कुणालाच भेटलेले नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांचे दोन कट्टे ठरलेत. शनिवारी हुबळीत, रविवारी बंगळूरला.

माझा बेत असा: शुक्रवारी दुपारी मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेस, रात्री हुबळीत उतरायचं. ग्रुपमधल्या एका ताईंच्या घरी मुक्काम. शनिवारी सकाळी गदग रोडचं रेल्वे म्युझियम, मग तो २०२३ साली उद्घाटन झालेला १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, कुठे थांबून गिरमिट, म्हणजे तिकडचे मसाला चुरमुरे. रात्रीच्या गाडीने निघून रविवारी सकाळी यशवंतपूर. दिवसभर कृष्णराजपुरमला इंजिनांच्या शेडच्या बाजूने येणारी-जाणारी इंजिनं. सोमवारी अभ्यास. मंगळवारी इंटरव्ह्यू. बुधवारी जमलं तर दिवसाच्या गाडीने सकलेशपूर-सुब्रह्मण्य घाट, ५७ बोगदे, एकाला पन्नासचा चढ (पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), आयुष्यात एकदा तरी बघायचाच आहे.

आईचं म्हणणं, मामाला बरोबर ने. मामा प्रेमळ आहे, पण गाडी सुटायच्या आधी डबा उघडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्या पगाराचा अंदाज सांगतो. पप्पा म्हणतात, एकटी जा, पण हे कट्टेबिट्टे परत येताना. आणि ज्या सरांकडे मी मॉक इंटरव्ह्यू दिला त्यांचा सल्ला: छंदाचा विषय आपणहून काढू नकोस, पोरकट दिसतं.

तर विचारायचंय ते हे. बेत फार ताणलाय का? एकटीने अनोळखी लोकांना भेटताना काय बघावं? आणि आत गेल्यावर रेल्वेचं वेड झाकून ठेवावं का?

---

खडूस_काका

आधी इंटरव्ह्यू, मग इंजिनं. एवढ्याशा गोष्टीसाठी धागा काढावा लागतो हेच नवल. आमच्या वेळी इंटरव्ह्यूला जाताना लोक देवळात जायचे, म्युझियमात नाही.

---

नाशिककर_बंगळूरात

काकांकडे दुर्लक्ष कर, ते प्रत्येक धाग्यावर हेच लिहितात.

मी आयआयएससीतच पीएचडी केली, विभाग वेगळा. तुझ्या बेतात शनिवार मला मुळीच खटकत नाही, खटकतो तो रविवार. हुबळीहून रात्रभर गाडीत, तीही आरएसीवर असलीस तर साइड लोअरवर दुसऱ्या कुणाबरोबर पाय आखडून. सकाळी उतरून थेट उन्हात दिवसभर उभं राहणं. सोमवारी तू अभ्यास करणार नाहीस, झोपणार आहेस. त्यापेक्षा बंगळूरवाल्यांना विनंती कर, कट्टा मंगळवारी संध्याकाळी ठेवा म्हणावं. खरे रेल्वेवाले असतील तर ऑफिस सुटल्यावरही येतील. इंटरव्ह्यू संपल्यावर तूही मोकळ्या डोक्याने बोलशील.

रविवारी सकाळी यशवंतपूरला उतरलीस की कॅम्पस दोन-तीन किलोमीटरवर, रिक्षाने पटकन होतं. राहायला मल्लेश्वरम बघ, बायकांना सुरक्षित, पायी फिरण्यासारखं. कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे. गेटमधून आत शिरलीस म्हणजे विभागात पोचलीस असं नाही, तेव्हा सोमवारी संध्याकाळी एकदा चालत जाऊन इमारत बघून ठेव. मूळ कागदपत्रं एका फाइलीत, झेरॉक्स दुसऱ्या. मंगळवारी सकाळी तिथल्या सीटीआर हॉटेलचा बेण्णे डोसा खायचा मोह आवर. तो लोण्यात पोहत असतो, खाऊन इंटरव्ह्यू घेणाऱ्यांसमोर डोळे मिटतील.

आत काय होतं ते सांगते. माझ्या वेळी पहिला प्रश्न होता, कुठल्या विषयातलं विचारू? तिथे ऐटीत अवघड नाव घेऊ नकोस. ट्रान्सपोर्टेशनवाल्यांना प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा लागतंच, ते घासून घे. एक उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न एक पायरी वर जातो, आणि तुला येईनासं होईपर्यंत वर जात राहतो. सगळे त्या पायरीवर अडकतात, म्हणून घाबरून गप्प बसू नकोस. फळ्याशी उभं राहून मोठ्याने विचार करत राहा.

छंदाबद्दल: आपणहून सांगू नकोस हे ठीक. पण 'हाच विषय का' असं विचारतातच. तेव्हा 'वाहतुकीच्या समस्या सोडवायच्या आहेत' असं गुळगुळीत सांगितलंस तर तुझ्या आधीच्या दहा जणांनीही तेच सांगितलेलं असेल.

---

पेन्सिल_आणि_पट्टी

मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, सोलापूर विभागात. म्हणजे आपल्या मार्गावर कुठली गाडी कधी सोडायची, कुठे थांबवायची हे ठरवणारा. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. एरवी इथे मी फक्त वाचतो, पण ह्या मुलीला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

बाळ, तुझं घर स्टेशनाला लागून आहे म्हणतेस. मग २०१६ च्या एप्रिलमध्ये तू शाळेत असशील आणि लातूरला जाणारी पाण्याची गाडी तू पाहिली असशील. जलदूत. पहिली फेरी दहा टँकर वॅगनची, पाच लाख लिटर. मग पन्नास वॅगनचा रेक यायला लागला, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नुसत्या पाण्याचं वजन अडीच हजार टन. रस्त्यावरचा दहा हजार लिटरचा टँकर धरलास तर अडीचशे टँकर झाले. टीव्हीवाल्यांना इंजिनाला घातलेला हार दिसला. आमच्या डोक्यात वेगळंच चालू असायचं. गाडी मिरज ते लातूर काही तासांत जाते, पण ती भरायला किती वेळ, आणि तिकडे रिकामी करायला किती? सुरुवातीला भरण्यातच तासांमागून तास जात. म्हणजे वेग वाढवून काही साधत नव्हतं. जास्त पंप आणि मोठी पाइपलाइन हीच खरी वाहतुकीची सुधारणा होती. बोर्डासमोर 'हा विषय का' असं विचारलं तर हे सांग. तू मिरजेची आहेस, तुला ते सांगायचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट. आमच्या टेबलावर एक लांब कागद असायचा. आडवा वेळ, उभी स्टेशनं. मिरजेकडून अरग, कवठे महांकाळ, ढालगाव, सांगोला करत पंढरपूर, पुढे कुर्डुवाडी. स्टेशनमास्तर फोनवर सांगायचा, अमुक गाडी इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी सुटली, की आम्ही पट्टी लावून पेन्सिलीने रेघ ओढायची. एकेरी मार्ग असला की वर जाणारी आणि खाली येणारी रेघ जिथे छेदते तिथे स्टेशन असलंच पाहिजे. दोन स्टेशनांच्या मधे छेदली तर कागदावर चूक आणि रुळांवर अपघात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटल्या की तो कागद इतका गजबजायचा की रबराने खोडून खोडून भोकं पडत. आता हे सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, तरी विचार तोच.

एकेरी मार्गावर दिवसात किती गाड्या मावतील ते काढायचं एवढंच सूत्र पाठ कर, त्याला स्कॉटचं सूत्र म्हणतात. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सर्वांत अवघड ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडता येते अशा दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात, सर्वांत हळू गाडीला लागणारा वेळ अधिक ब्लॉक देण्या-घेण्याचा, म्हणजे स्टेशनांनी एकमेकांची परवानगी घेण्याचा वेळ, ह्या बेरजेने भागायचं. आलेल्या आकड्याला ०.७ ने गुणायचं. गाडीला पंधरा मिनिटं आणि ब्लॉकला पाच धरली तर १४४० भागिले वीस म्हणजे बहात्तर, गुणिले ०.७ म्हणजे पन्नासच्या आसपास. दोन्ही दिशा मिळून दिवसाला पन्नास गाड्या. हे ०.७ का, असा प्रश्न आला तर गडबडू नकोस. गाड्या काही एकामागोमाग एक शहाण्यासारख्या येत नाहीत, आणि देखभालीलाही वेळ द्यावा लागतो.

छंद झाकू नकोस. नुसती इंजिनांची नावं सांगितलीस तर पोरकट दिसेल हे तुझ्या सरांचं खरं. आकडा सांगितलास तर कोण पोरकट म्हणेल?

---

प्लॅटफॉर्मचं_टोक

पेन्सिलवाले काका, सलाम. हे सगळं कुठेतरी नीट लिहून काढा हो.

लूपलाईन, मी बंगळूरची रेल्वेवेडी, मूळची सांगलीची. बाई म्हणून जे बघते ते सांगते. ग्रुपमध्ये कितीही छान बोलत असले तरी पहिली भेट नेहमी उघड्या, वर्दळीच्या जागी. म्युझियम उत्तम. हुबळीच्या ताईंकडे राहण्याआधी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोल आणि तुझ्या आईलाही बोलू दे. त्या दोघी कांद्याच्या भावावर बोलायला लागल्या की मामाचा प्रश्न आपोआप मिटेल. आणखी किमान एक बाई कट्ट्याला येतेय का ते आधी विचार. 'माझी शेडमध्ये ओळख आहे, आत नेतो' असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हण. शेडमध्ये जायला लेखी परवानगी लागते, ओळखीने आत गेलेल्याला बाहेर काढताना ओळखवाला गायब होतो. हे मी एका शेडच्या गेटवर डोळ्यांनी पाहिलंय.

प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं आणि दोनच तासांचं असतं, गप्पांच्या नादात संपतं. रुळांवर उतरून 'समोरून' फोटो काढणारे नग प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंटरव्ह्यूच्या आधी आरपीएफच्या चौकीत बसून जबाब लिहून देण्यासारखी शोभा नको. असल्या माणसापासून पन्नास पावलं लांब उभी राहा, नाहीतर त्याच्याबरोबर तुझंही नाव लिहून घेतील.

नाशिककरांशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. मंगळवारी संध्याकाळी कृष्णराजपुरम नको. ऑफिस सुटायची वेळ, त्या केबलच्या पुलाखाली चेंगराचेंगरी, वर पावसाचा नेम नाही. पर्पल लाइनने मेट्रो थेट जाते हे खरं, पण परत येताना तुझे हाल होतील. कट्टा यशवंतपूरलाच ठेवू. तू राहतेस तिथून जवळ, ग्रीन लाइनचं स्टेशन बाजूला, आणि संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. मी येईन. निळी छत्री घेऊन.

सुब्रह्मण्य घाटाचं म्हणशील तर दिवसाची गाडी त्या दिवशी धावतेय का ते आधी तपास. आणि बस खिडकीतच. त्या मार्गावर चालत जायला बंदी आहे, कितीही जण 'आम्ही गेलो होतो' म्हणोत.

---

खडूस_काका

पाण्याच्या गाडीचं मला माहीत नव्हतं. म्हणजे गाडी माहीत होती, पंपाचं नव्हतं. बाकी माझं मत कायम. देवळातही जाऊन ये.

---

लूपलाईन

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. खडूस काका, यशवंतपूरजवळ कुठलं देऊळ चालेल तेही सांगून टाका.

आता बेत असा. हुबळीचा शनिवार ठेवतेय, तो मी सोडणार नाही. ताईंशी आईचा व्हिडिओ कॉल झाला. कांदा नाही, पण लोणच्याच्या कैऱ्यांवर चाळीस मिनिटं बोलल्या, मामाचं नाव पुन्हा निघालं नाही. हुबळीहून पुढचं तिकीट वेटिंगवर आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि माझं पत्र त्याच्या बऱ्याच नंतर आलं. नाही झालं तर आदल्या दिवशी सकाळी अकराला स्लीपरचा तत्काळ, त्यासाठी आधार जोडून ठेवलंय. तोही नाही मिळाला तर रात्रीची बस. रविवार पूर्ण झोप आणि प्रोबॅबिलिटी. मंगळवारी संध्याकाळी यशवंतपूर, निळी छत्री शोधते.

पेन्सिलवाले काका, जलदूत मी पाहिलीय. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं फलाटाच्या टोकाला जाऊन बसायचो. हैदरखान विहिरीकडून पाणी यायचं, पाइपच्या जोडातून फवारा उडायचा आणि शेजारच्या आजी त्या थेंबांखाली कळशी धरायच्या. आमच्याही नळाला पाणी एक दिवसाआड होतं तेव्हा, हे कुणी दाखवलं नाही. तेव्हा मी वॅगन मोजल्या होत्या, पन्नास. पन्नासच का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. काल रात्री पडला आणि बसून हिशोब केला. एक टँकर वॅगन साधारण साडेबारा मीटर, पन्नास म्हणजे सव्वासहाशे. लूप लाइन, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायची जादा लाइन, तिची प्रमाण लांबी ६८६ मीटर. समोरून गाडी आली तर पाण्याच्या गाडीला बाजूला लूपमध्ये मावता आलं पाहिजे, म्हणून ह्याच्या फार पुढे जाता येत नाही. बरोबर आहे का?

---

पेन्सिल_आणि_पट्टी

दिशा बरोबर आहे. इंजिन धरलंस का? एक असेल तर वीसेक मीटर, दोन असतील तर चाळीस. मागे गार्डची ब्रेकव्हॅन. आणि ड्रायव्हर काही सिग्नलला नाक लावून थांबत नाही, थोडी जागा सोडतो. ती सगळी बेरीज करून ६८६ मधून वजा कर आणि किती उरतं ते इथे लिही. मग पुढचा प्रश्न: सेक्शनमधल्या एखाद्या स्टेशनाची लूप आखूड असली आणि समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग नेमकं तिथेच आलं, तर कुठली गाडी कुठे थांबवशील? कागद घे, रेघा ओढून बघ. शनिवारी गाडीत बसायच्या आधी उत्तर टाक, मी रात्री दहापर्यंत जागा असतो.